सम्राटाच्या खांद्यावरचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. मळलेल्या कणकेवर पसरून राहणे, एवढेच आता माझे काम. पण एकेकाळी मी एकतीस दिवस रोमच्या सम्राटाच्या खांद्यावर होतो. ही गोष्ट मी आजवर पोटात ठेवली. ती बाहेर फुटली असती, तर या घरातले एकही माणूस वाचले नसते.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या अंगणात झाला. खरा जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगाईंपासून निघतो आणि तसे वस्त्र फक्त सम्राटाने ल्यावे, असा दंडक. मी साध्या लोकरीचा. मला दगडफुलाच्या रंगात बुडवून काढले होते. दिसायला जांभळा, पण रंग कच्चा.

फादियाने मला बाजारातून आणले आणि दारात टांगले. तिचा नवरा लारोनियुस हा डॅन्यूबकाठच्या किल्ल्याचा सेनापती होता. मोठा बोलका माणूस नव्हे, पण रोज सकाळी शिपायांच्या पायताणांचे खिळे तो स्वतः वाकून तपासायचा. "पाय शाबूत तर शिपाई शाबूत," म्हणायचा. त्यांची लेक पोल्ला माझ्या घड्यांमागे लपायची. वारा अडवणे आणि तिला लपवणे, या दोन कामांत मी सुखी होतो.

त्या वर्षी नदीपलीकडच्या टोळ्या चालून आल्या. लारोनियुसने त्यांना उतारावरच गाठून पिटाळले. शिपायांनी त्याला डोक्यावर घेतले आणि तिथेच घात झाला. लढाई जिंकणारे सेनापती रोमच्या सम्राटाला खपत नसत. असे दोघे त्याने आधीच संपवले होते.

भर दुपारी शिपाई घरात घुसले. पुढे बिथुस होता, लारोनियुसचा सर्वांत जुना जमादार. त्याने मला एका हिसक्यात ओढून काढले आणि धन्याच्या खांद्यावर टाकले.

"धनी, आजपासून तुम्हीच आमचे सम्राट!"

"बिथुस, डोकं फिरलंय का तुझं? ठेव तो पडदा जागेवर."

"आता कसला ठेवतो! पोरांनी तुमच्या नावाचा पुकारा केलाय. रोमपर्यंत तो जाणारच. नाही म्हणालात तरी तिकडून सम्राट मारेलच, आणि..." बिथुसने मागे पाहिले. तलवारी म्यानाबाहेर होत्या. "आणि ही पोरंही ऐकायची नाहीत."

लारोनियुसने फादियाकडे पाहिले. तिचे हात पिठाने भरलेले होते. त्याने मान खाली घातली. बाहेर जयजयकार उसळला. त्याचे खांदे थरथरत होते. ते कुणाला दिसले नाही, मला मात्र कळले.

मग फौज रोमच्या वाटेला लागली; फादिया आणि पोल्लाही बरोबर होत्या. मित्रांनो, सम्राटाचे जेवण पंचपक्वान्नांचे असते असे तुम्हाला वाटत असेल. माझा सम्राट बार्लीची पेजसुद्धा फादियाने स्वतः रांधली तरच घ्यायचा. तंबूबाहेर कुणी खोकले तरी त्याचा हात कट्यारीकडे जायचा.

"पोल्लाला घेऊन तू पुढे निघून जा," तो एकदा म्हणाला.

"कुठे जाऊ?" फादिया म्हणाली. "आता मला सगळा मुलूख सम्राटाची बायको म्हणून ओळखतो."

विसाव्या दिवशी झोडपणारा पाऊस आला. माझा कच्चा रंग सुटला आणि लारोनियुसच्या गळ्याभोवती लालसर ओघळ उतरला, जणू सुरी फिरली होती. शिपाई चालता चालता थांबले.

"अरे, दारू सांडली असेल!" बिथुस हसत म्हणाला. पण दुसरे कुणीही हसले नाही. अपशकुन टळावा म्हणून एक जण तीनदा थुंकला. त्या दिवसापासून माझ्याकडे पाहताना माणसे नजर चुकवू लागली. मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

एकतिसाव्या दिवशी समोर दुसरी फौज उभी राहिली, तिप्पट मोठी. तिच्या शिपायांनीही असाच आपला एक सम्राट उभा केला होता. त्याने निरोप धाडला, "तुमच्या माणसाचे डोके द्या, बाकी सगळ्यांना माफी."

बिथुस चौघांना घेऊन तंबूच्या दाराशी आला आणि तिथेच थांबला.

"ये, बिथुस. मला कळलंय," लारोनियुस म्हणाला.

"धनी, मी काय करू? पोरांना घरदार आहे हो."

"मलाही होतं. त्या दुपारी मी तेच सांगत होतो." त्याने फादिया आणि पोल्लाकडे बोट केले. "या दोघींना एक खेचर दे. त्या टेकडीपलीकडे जाईपर्यंत थांब. एवढं कर."

बिथुसने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तलवार हातात होतीच. लारोनियुसने मला खांद्यावरून काढले, नीट घडी केली आणि फादियाला दिले. "हा नदीत टाकून दे. कुणाला सापडू देऊ नकोस." पोल्लाच्या केसांवरून त्याने एकदा हात फिरवला. त्या टेकडी चढून गेल्या, तेव्हा मी खेचराच्या पाठीवर होतो. खालून जयजयकार ऐकू आला. आवाज तेच होते. नाव दुसरे होते.

फादियाने मला नदीत टाकले नाही. पोल्ला तापाने फणफणली होती आणि पांघरायला दुसरे काही नव्हते. पोल्लाच्या मामाच्या गावी पोचताच फादियाने मला अक्रोडाच्या हिरव्या सालींबरोबर दोन दिवस उकळले. मी तपकिरी झालो. दरम्यान रस्त्यांवरच्या मैलाच्या दगडांवर सम्राट म्हणून कोरलेले लारोनियुसचे नाव छिन्नीने खरवडून काढले गेले. ते उच्चारणेही गुन्हा ठरला.

वसंतात झडतीवाले आले. घरोघरी जांभळे वस्त्र शोधत होते. एकाने मला कणकेवरून उचलले आणि काठाची शिवण उसवली. आत, जिथे अक्रोड पोचला नव्हता, तिथे जांभळा रंग तसाच होता. फादियाच्या हातातले लाटणे खाली पडले.

"हे काय गं?" त्याने विचारले.

"तुतीचा डाग आहे, काका," नऊ वर्षांची पोल्ला पुढे होऊन म्हणाली. "मीच पाडला. आईनं बदडलं मला."

"बाप कुठाय तुझा?"

"मेला. दारू विकायचा. कुणी नव्हता तो मोठा."

त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग त्याने मला टाकले, चिमूटभर कणीक तोंडात घातली आणि चालता झाला.

घोड्यांच्या टापा विरल्यावर पोल्ला माझ्यात तोंड खुपसून रडली. "आई, मी बाबांना कुणी नव्हता म्हटलं गं."

फादियाने दार लावले. लेकीच्या कानाशी वाकून तिने ते बंदी घातलेले नाव हळूच उच्चारले, आणि पोल्लाकडून पुन्हा म्हणवून घेतले.

मित्रांनो, मला धुवा, वाळवा, उसवले तर शिवा, एवढे तुम्ही कराल, मला ठाऊक आहे. माझे मागणे निराळे आहे. उद्या तुम्ही कुणाला डोक्यावर घ्याल, तेव्हा जयजयकार करण्याआधी एकदा बघा, त्याचे खांदे थरथरत तर नाहीत ना.