न चोरलेलं झाड

माझा नवरा महापालिकेतर्फे शहरातल्या चौकांमधली झाडं निवडतो, लावतो आणि जगवतो. माझी आई ती तोडून नेते. दोघांचंही आपापल्या कामावर मनापासून प्रेम आहे आणि मधल्यामध्ये माझं मरण आहे.

आईला चोर म्हटलेलं खपत नाही. "एक फांदी नेली तर काय झाड रडतं?" असं ती विचारते. फांदी कधीच एक नसते. मोठ्या चौकातल्या गोल बागेत नवऱ्याने आधी क्रोटन लावले, मग जास्वंद लावली. दोन्ही वेळा तिथे नुसत्या काड्या उरल्या. सगळं काही आईनेच नेलं नव्हतं म्हणा. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या तिच्या मैत्रिणींची अख्खी टोळी आहे, आणि फिरून येताना एकीचेही हात रिकामे नसतात.

शेवटी मोठ्या साहेबांनी नवऱ्याला सुनावलं, "अजून एकदा लावून बघा. याही वेळी बाग उघडी पडली तर मी तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरणार." नवरा त्या दिवशी जेवला नाही. प्लॅस्टिकचं गवत म्हटलं की त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो.

मग त्याने युक्ती काढली. रोपवाटिकेतून वेगवेगळ्या जातींची रोपं आणून आमच्या गॅलरीत मांडली आणि आईला राहायला बोलावलं. आई हरखून गेली. "जावई असावा तर असा," हे ती मला उठता बसता ऐकवत होती. ती परत गेल्यावर नवरा गॅलरीत एकेका झाडाची तपासणी करू लागला. बोगनवेल नापास. सदाफुली नापास. शेवंती तर मुळासकट गायब. एकाच झाडाला आईने हात लावला नव्हता. राखी पानांचं, खुजं, ना फूल ना वास, एकूण तोंड पाडून बसलेलं.

"हेच!" नवरा म्हणाला.

"अरे, पण याच्याकडे बघणार कोण?"

"कुणी बघू नये म्हणूनच तर!"

रोपवाटिकेत त्या जातीची होती नव्हती तेवढी रोपं चौकात लागली. आणि खरंच, कुणी पानालाही बोट लावलं नाही. नवरा कॉलर ताठ करून हिंडू लागला. आनंदाच्या भरात त्याने टँकरवाल्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सांगितलं. झाड कोरड्या जमिनीतलं, त्याची मुळं कुजली. साहेबांची पाहणी तोंडावर आली तेव्हा निम्मी झाडं आडवी झाली होती आणि उरलेली त्याच बेतात होती.

"कुणाकडे तरी असेलच की," मी म्हटलं.

"कुणाकडे असणार? चोरलंच नाही ना कुणी!"

मला हसू फुटणार होतं, पण त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची फार दया आली. मी त्याला उठवलं आणि सरळ आईकडे घेऊन गेले.

त्याने सगळं कबूल केलं, गॅलरीतल्या परीक्षेसकट. आईने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे पाहुणचार नव्हता तो."

"चुकलं, आई."

"चुकलंच. आणि जावईबापू, मला फुकटसुद्धा नको असलेलं झाड तुम्ही अख्ख्या गावाला रोज बघायला लावलंत?"

मग तिने आपल्या गॅलरीचं दार उघडलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत नवऱ्याचे क्रोटन आणि जास्वंदी कमरेएवढ्या वाढल्या होत्या. तो आत गेला तो बराच वेळ बाहेरच येईना.

आईने टोळीला फोन लावले. "चोरी कसली? सांभाळायला नेली होती," असं तिने प्रत्येकीला बजावलं. पाहणीच्या आधी सगळे डबे चौकात रिकामे झाले. माझं झाड पुढे की तुझं, यावरून टोळीतल्या दोघींचा अबोलाही झाला.

पाहणीच्या दिवशी टोळी आणि मी फुटपाथवर उभ्या होतो. नवरा साहेबांच्या मागोमाग चालत होता. साहेबांनी बागेला पूर्ण फेरी मारली. एका लाल-पिवळ्या क्रोटनपाशी थांबले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच त्याचा शेंडा चिमटीत धरला.

मी पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. आईनेही पाहिलं, आणि मी तिचा हात धरायच्या आत ती साहेबांपर्यंत पोचली होती.

"ती फांदी नाही जगायची, साहेब," आई म्हणाली. "फार कोवळी आहे. खालची घ्या, जरा जून बघून."

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण वाकले.

"ते गवताचं राहू द्या आता," खालची फांदी शोधता शोधता ते नवऱ्याकडे न बघताच पुटपुटले.

"हो, साहेब," नवरा म्हणाला. "थांबा, हाताने नका तोडू. कात्री देतो."