दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. सध्या मुक्काम स्वयंपाकघरात, चमच्यांच्या डब्यात. तोंड माझं पहिल्यापासून तिखट, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

लोहाराने मला घडवलं आणि एका शिंप्याने हौसेने घेतलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या कडीत त्यांचा अंगठा असा बसला, की जणू माप घेऊनच मला बनवलं होतं. दुकानात नियम एकच: कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, कागदाने धार मरते. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाकीट उघडायला मला उचललं, तर मास्तर ओरडले, "अगं, ठेव ती! तिच्या जिवावर घर चालतंय आपलं." मी किती फुगले म्हणून सांगू!

मग डॉक्टरीणबाई कोटासाठी निळं कापड घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं, आता कुठे मिळणार नाही असं. कापड कमी होतं, म्हणून मास्तरांनी ते एकेरी पसरलं. एकेरी कापडावर एक बाही कापली, की दुसरीसाठी नमुना पालथा करावा लागतो. मास्तर शेजाऱ्याशी गप्पांत रंगले आणि नमुना तसाच ठेवून मोकळे झाले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या!

बाई आल्या तेव्हा मास्तरांनी घाम पुसला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "काय सांगू बाई, ही कात्री बोथट झालीय. कापड सरकलं. ऐन वेळी दगा दिला हिने."

दगा? मी? अहो, त्याच सकाळी मी रेशीम कापलं होतं! बाईंचे डोळे भरून आले. त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, कात्रीला डावं-उजवं कळतं का?"

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले. खोटं खरं दिसावं म्हणून त्यांनी नवी कात्री आणली आणि मला काकूंकडे दिलं.

स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा कागद कापला. मग पुठ्ठे, सुतळी, पालेभाजीचे देठ. रोज मनात मास्तरांना शिव्या घालायचे. काकू मला पुसताना म्हणायच्या, "माझ्याही डोक्यावर यांनी कितीतरी खापरं फोडलीत गं. पण संसार माझाच ना? परका म्हणून कसा करू?" ते मला पटलं. नशीब सोसणं वेगळं आणि त्याला आपलं म्हणणं वेगळं. हळूहळू सुतळी कापायलाही मजा येऊ लागली. पुन्हा जन्म मिळाला तर हीच भट्टी आणि हाच अंगठा मागेन, असं मी म्हणायला शिकले.

आणि एके दिवशी मास्तर आले. "ती जुनी कुठंय गं? नवीने बोटाला घट्टे पडलेत." त्यांचा अंगठा कडीत गेला आणि मी सगळा राग विसरले. त्यांनी कापडाचा तुकडा घेतला. मी जीव तोडून चावले, पण कापड नुसतंच दुमडलं.

"बोथटच आहे," ते म्हणाले आणि मला डब्यात टाकून निघून गेले. या वेळी ते खरं बोलले होते, मित्रांनो. त्यांचं खोटं माझ्या अंगात उतरलं होतं.

तेव्हा वस्तू पुसा, जपा, धार लावून घ्या. आणि चूक झाली तर स्वतःच्या तोंडाने कबूल करा, मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. माझं म्हणाल, तर कागद माझा, देठ माझे, हा गंज माझा, मास्तरांचा अंगठासुद्धा माझाच. सगळं प्रेमाने घेतलं. त्या दोन डाव्या बाह्या मात्र माझ्या नाहीत. त्या मी घेणार नाही.