गुरुवारी चालणारा जनरेटर

मंगळवारी दुपारी वारज्यातल्या डायलिसिस केंद्रात लाईट गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. यंत्रांच्या बॅटऱ्या एकदा शिटी वाजवून बंद पडल्या.

तंत्रज्ञ भाग्यश्री एकटीच होती. तिने जनरेटरवाल्या कोंडीरामला फोन लावला.

"आज? आज मंगळवार हाय ताई. किल्ली माझ्याकडं, अन् मी सासवडला."

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते. कोंडीराम आधीच येऊन जनरेटर हाताने सुरू करतो. आपत्ती आराखड्यात 'साप्ताहिक चाचणी यशस्वी' असं लिहिलं जातं. जनरेटर स्वतःहून सुरू होतो का, हे कोणी पाहिलं नव्हतं. बॅटऱ्यांवरही कधी वेळ आली नव्हती.

दोन खाटांवर दोन माणसं होती. ऋषी एकटाच आला होता. आप्पासाहेबांजवळ त्यांची बायको सोजरबाई बसली होती. दोघांचं रक्त नळ्यांत थांबलं होतं. लवकर परत ढकललं नाही तर ते गोठणार होतं. आप्पासाहेबांच्या अंगात आधीच रक्त कमी. एवढं गेलं तर ते टिकणार नव्हते.

भाग्यश्रीने दोन्हीकडे सलाईन जोडलं, यंत्रांच्या पंपांना हाताने फिरवायचे हँडल लावले.

"मावशी, काकांचं तुम्ही फिरवा. सावकाश. नळीत बुडबुडा दिसला की थांबा. हवा अंगात जाता कामा नये."

"मला न्हाई जमायचं. माझ्या हातनं काही झालं तर?"

"चाळीस वर्षं रक्त आटवलंस," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आता जरा भर की."

सोजरबाईंनी हँडल धरला. खोलीत फक्त दोन पंपांची करकर ऐकू येत होती. ऋषीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"ताई, बुडबुडा," सोजरबाई म्हणाल्या.

भाग्यश्रीने वळून पाहिलं. मण्याएवढा बुडबुडा आप्पासाहेबांच्या दंडाकडे निघाला होता. ऋषीचा पंप सोडता येत नव्हता.

"थांबा. नळी दाबा. हाताजवळ, घट्ट."

सोजरबाईंनी नळी मुठीत आवळली. आप्पासाहेब त्या मुठीकडे बघत राहिले.

ऋषीचं रक्त परत गेल्यावर भाग्यश्री धावत आली. तिने मुठीच्या खाली चिमटा लावला. बोटभर रक्त नळीत उरलं होतं, बाकी सगळं आप्पासाहेबांच्या अंगात पोचलं होतं.

"सोडा आता, मावशी."

सोजरबाईंनी मान हलवली, पण मूठ उघडेना. भाग्यश्रीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.