ओर्पाचा पहारा

आमच्या गावात समुद्रालाही कुलूप लागतं. एखाद्या रविवारी उपासना संपली की पाळक सगळ्या मंडळीला घेऊन किनाऱ्यावर येतात, प्रार्थना करतात, आणि पाण्यातल्या खडकांच्या पट्ट्याच्या, खडपाच्या, कडेला कोवळ्या झावळ्या बांधलेला खांब रोवला जातो. याला आम्ही सासी म्हणतो. त्या घटकेपासून तिथले शंख, ज्यांच्या शिंपल्यापासून गुंड्या बनतात ते, देवाच्या ताब्यात. पाळक पुन्हा प्रार्थना करून सासी उघडतील तोवर एकही उचलायचा नाही. तेवढ्या काळात लहान शंख मोठे होतात, तळ भरतो, आणि मग एके दिवशी सगळं गाव पाण्यात उतरतं.

कुलूप देवाचं असलं तरी राखण माणसांनाच करावी लागते. ती आमच्या चर्चच्या महिला मंडळाकडे आहे. दोघी-दोघी होडीत बसून पहारा देतो. पहाऱ्याला जाते ती बाई गावाची खरी, असं इथे मानतात.

ओर्पा लग्न होऊन आली ती वरच्या लवंगांच्या डोंगरातून. झाडावर सरसर चढायची, पण होडीत पाय ठेवला की दोन्ही काठ घट्ट धरून डोळे मिटून घ्यायची. आमच्या मंडळाची प्रमुख बेत्सी, जिला सगळ्या तांता, म्हणजे मावशी, म्हणतात, तोंडाची फटकळ.

"ओर्पा, तू आपली चुलीपाशीच बस गं. चोर आला तर त्याला डोळे मिटून पकडणार का?"

सगळ्या हसल्या. ओर्पाही हसली, पण इतरजणींच्या आधी थांबली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रविवारच्या शाळेत मुलांना मी शिकवते, आणि सगळे मला ओमा, म्हणजे आजी, म्हणतात. निम्म्या गावाची नाकं मी पुसली आहेत, त्यामुळे लोक माझ्याकडे येऊन मन मोकळं करतात.

"ओमा सालो, मी रोज प्रार्थना करते. माझी भीती काढून घे म्हणते. तो काढत नाही."

"माझीही नाही काढली. वीज कडाडली की मी अजून पलंगाखाली जाते."

"मग मागायचं तरी काय?"

"सोबत मागून बघ," मी म्हटलं. "आणि रविवारी मुलांबरोबर पाण्यात ये."

मुलं वर्ग सुटला की तशीही समुद्राकडेच पळतात. त्या रविवारी मी त्यांना येशूचे शिष्य वादळात सापडले ती गोष्ट सांगितली होती. ओर्पा गुडघाभर पाण्यात थिजून उभी राहिली, तेव्हा लिन्से नावाची माझी सगळ्यात वाचाळ विद्यार्थिनी तिच्याजवळ गेली.

"काकू, शिष्य तर कोळी होते, तरी किंचाळले. तू डोंगरातली. तू खुशाल किंचाळ."

ओर्पा किंचाळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ती कमरेपर्यंत गेली. पुढच्या रविवारी मुलांनी तिच्या पाठीखाली हात धरले आणि तिला उताणी तरंगायला शिकवलं. पाण्यात शिरण्याआधी ती दर वेळी मोठ्याने म्हणायची, "प्रभू, मी घाबरलेय. सोबत चल." मुलं तिची नक्कल करायची. मग नक्कल करता करता ती सवयच झाली, आणि गणिताच्या परीक्षेआधीही मुलं तेच म्हणू लागली. मी कोणाला रागावले नाही.

मी पिच्छा पुरवल्यावर बेत्सीने ओर्पाला माझ्या होडीत घातलं. "एक म्हातारी आणि एक डोंगरी," ती म्हणाली. "चोरांचा तर थरकापच उडेल. पण ओमा, एकदाच. ही चुकली तर पुन्हा विचारू नकोस."

सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. ओर्पा होडीत काठ धरून बसली होती, पण डोळे उघडे होते. म्हणून तिलाच आधी दिसलं. खडपाच्या पलीकडे एक होडी होती, आणि दोन पुरुष बुड्या मारून टोपलीत शंख भरत होते.

मी नीट पाहिलं. ते चोर नव्हते. पलीकडच्या गावचे उमार आणि सालेह, सख्खे भाऊ. त्यांचं गाव आणि आमचं गाव एकमेकांचं पेला आहे, म्हणजे शपथेने झालेलं भाऊगाव. कधीकाळी आमच्या पूर्वजांनी भावकीची शपथ घेतली, ती आजही चालू आहे. ते मशिदीत जातात, आम्ही चर्चमध्ये. पण आमच्या चर्चचे वासे त्यांनी वाहिले आणि त्यांच्या मशिदीचे आम्ही. पेला भाऊ आपल्या बागेत शिरून न विचारता फळ तोडू शकतो. त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

"ओमा!" उमारने हात हलवला. "सालेहच्या पोरीचं लग्न आहे. थोडेसेच नेतो."

"अरे, खांब दिसला नाही का?" मी एवढंच म्हणू शकले.

"दिसला ना. तो परक्यांसाठी. आम्ही काय परके आहोत?"

नाही हा शब्द माझ्या जिभेवर येईना. आणि थोडेसे नेले म्हणजे झालं असंही नव्हतं. एकाने नेले हे कळलं की दुसरा येतो, आणि मग सासीचा नुसता खांब उरतो.

"काहीतरी ओरडून सांग त्यांना," मी ओर्पाला म्हटलं.

"भावांशी ओरडून कसं बोलायचं?" ती म्हणाली. "जवळ जाऊन बोलते."

मध्ये खडप होतं. ओहोटीत त्यावरून होडी जाणार नव्हती. ओर्पाने काठ सोडले. "प्रभू, मी घाबरलेय. सोबत चल," म्हणाली आणि उतरली. पाणी छातीपर्यंत होतं. पुढे खडकांमध्ये खोलगट जागा आली, पाय टेकेनात, तेव्हा ती उताणी झाली आणि पाय मारू लागली. आता होडीचे काठ मी धरले होते.

तिने त्यांच्या होडीची उलंडी, तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड, पकडली आणि बराच वेळ खोकत राहिली.

"अगं, तू डोंगरातली सून ना?" उमार म्हणाला. "तुला पोहता येतं?"

"धड नाही."

"मग आलीस कशी?"

"घाबरत." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "भाऊ, आमचं जे आहे ते तुमचं. केळी न्या, कोंबड्या न्या, माझ्या नवऱ्याला लग्नाच्या कामाला न्या. पण हे शंख आमचे नाहीत. आम्ही ते देवाला सोपवलेत. जे आमचं नाही ते आम्ही कसं देऊ? ज्याचे आहेत त्याला विचारा. तो हो म्हणाला तर मीच टोपली भरून देते."

सालेह टोपलीकडे बघत राहिला. उमारने डोकं खाजवलं.

"पहाटेच त्याच्यापुढे डोकं टेकवून आलो," तो म्हणाला. "तेव्हा शंखांबद्दल बोललो नव्हतो. आता विचारायला तोंड नाही." मग भावाकडे वळला. "ठेव खाली. फेकू नकोस, नीट ठेव."

एकेक शंख तळाशी जाईपर्यंत ओर्पा उलंडी धरून होती. मग त्यांनी तिला वर घेतलं आणि खडपाला वळसा घालून माझ्याकडे आणून सोडलं.

"नवरा नको," उमार म्हणाला. "तो खातो फार. डब्यात काय आहे?"

डब्यात सागोच्या भाकऱ्या, भाजलेला मासा आणि लिंबू पिळलेली मिरची होती. दोघांनी सगळं फस्त केलं. सालेहने माझी टोपीही मागितली, कारण त्याचं कपाळ भाजत होतं. मी दिली. लग्नाला यायचं आमंत्रण मात्र दोघांनी शंभरदा दिलं.

दुपारी पहारा बदलायला बेत्सी आली, तेव्हा आम्ही दोघी उपाशी होतो, आणि मी भर उन्हात उघड्या डोक्याने. तिला वाटलं आम्हाला लुटलं. मी घडलेलं सांगितलं. तिने एकदा खडपाकडे पाहिलं, एकदा ओर्पाच्या ओल्या केसांकडे.

"भीती गेली का गं?" तिने विचारलं.

"नाही तांता. पाय अजून कापतायत."

बेत्सीने आपला डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. "खा आधी," ती म्हणाली. "आणि पुढच्या आठवड्यात माझ्या होडीत बस. मलाही पोहता येत नाही. हे गावात कोणाला सांगायचं नाही."