बाबांची नक्कल

वसाहतीतले लोक जगाचे दोनच भाग करत, आत आणि बाहेर. आत म्हणजे कुंपणाच्या अलीकडची घरं, सुतारशाळा, भाजीचा मळा आणि प्रार्थनेचं लांबट सभागृह. बाहेर म्हणजे उरलेली सगळी पृथ्वी. सुताराची थोरली मुलगी आतच जन्मली आणि आतच सतरा वर्षांची झाली. पण तिला एक खोड होती, आणि ती आत खपण्यासारखी नव्हती. ती नकला करायची. करायची म्हणण्यापेक्षा त्या तिच्याकडून व्हायच्या. माणूस समोरून गेला की त्याची चाल तिच्या पायांत उतरे आणि त्याचा आवाज घशात येऊन बसे.

एकदा स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तिने वसाहतीच्या मुख्य ज्येष्ठांचं प्रवचन करून दाखवलं. ते दर वाक्याआधी नाक ओढत आणि वाक्य संपलं की आपल्यावरच खूश होऊन मान डोलावत. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. त्यांतल्याच एकीने संध्याकाळी जाऊन ज्येष्ठांच्या कानावर घातलं. दुसऱ्याचा आवाज घेणं ही आत चोरीच मानली जायची. सभा भरली आणि मुलीला अबोला फर्मावला गेला: ज्येष्ठ सांगतील तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिने कुणाशी बोलायचं नाही.

आईने तो पाळला. धाकट्या बहिणीने रडत रडत पाळला. बाबांनीही पाळला, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. दुपारी ती सुतारशाळेत डबा घेऊन जाई. बाबा रंधा थांबवत, डबा घेत, तिच्याकडे पाहत, आणि खाली मान घालून पुन्हा रंधा मारायला लागत. बाबा लहानपणापासून बोलताना अडखळत. एक शब्द बाहेर काढायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात दुसरा माणूस अख्खी हकिगत सांगून मोकळा होई. यांना काय, गप्प बसणं सोयीचंच पडत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते गेलं नाही.

हिवाळा सरत आला तरी अबोला सरेना, तेव्हा एका सकाळी ती कापडी पिशवीत दोन कपडे कोंबून निघाली. फाटकाला कुलूप नव्हतंच. मळ्यात खुरपणाऱ्या बायकांनी तिला पाहिलं. एक तर उठून उभीही राहिली. पण "थांब" म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मुलगी फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, आणि मागून हाक आली नाही.

शहरात तिला सोफे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत लाकडी सांगाड्यांवर स्प्रिंगा आणि फोम चढे. मागच्या खोलीत शिलाईची मशीनं आणि छताला टेकतील अशा फोमच्या गुंडाळ्या. शिवणाऱ्यांत सगळ्यात जुनी बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. तिनेच मुलीला स्वतःच्या खोलीत एक खाट दिली. पुढच्या खोलीत कापड ठोकणारा एक तरुण होता. बारीक खिळ्यांना ते लोक चुका म्हणत, आणि याच्या ओठांत दिवसभर चुका धरलेल्या असत, म्हणून तो चुकोबा. मुलगी सुरुवातीला नुसती हो-नाही करायची. चुकोबाने तिचंही बारसं उरकून टाकलं: मौनी.

बाहेर कशाकशाची लाज वाटेल याचा तिला अंदाज नव्हता. मालक खोलीत आले की ती उठून उभी राहायची. चहाचा कप हातात आला की प्रार्थनेसाठी डोळे मिटायची. लोकांना तोंडपाठ असलेलं एकही गाणं तिला येत नसे. "अगं, बस की, मालक आहेत, न्यायाधीश नाहीत," असं कुणी म्हणालं की सगळे हसत, आणि तिचे कान तापत.

मग एका दुपारी मालक फोनवर गिऱ्हाइकाशी घासाघीस करून गेले आणि मौनीच्या तोंडून त्यांचा आवाज बाहेर पडला. खोकण्यासकट. क्षणभर सगळे थबकले, आणि मग जे हसले, ते तिच्यासोबत हसले. या दोन हसण्यांतला फरक तिला लगेच कळला. त्या दिवसापासून चहाच्या वेळी फर्माइशी सुरू झाल्या. बाहेरच्यांपेक्षा आतल्यांना जास्त मागणी. तिने मुख्य ज्येष्ठ केले, घंटा वाजवणारी बाई केली, सामान मोजून देणारा भांडारी केला.

"संपले का सगळे?" चुकोबाने एकदा विचारलं. "अजून कोणी असेल की."

ती जराशी थांबली आणि तिने बाबा केले. डोळे मिटले, डावा अंगठा छातीवर टेकवला, आणि शब्दाला धक्का देत म्हणाली, "क... क... क... कृपा झाली." दूध उतू गेलं तरी बाबा हेच म्हणत. हातोडी बोटावर बसली तरी हेच. चुकोबाच्या तोंडातल्या चुका जमिनीवर सांडल्या. मावशी डोळे पुसत म्हणाली, "कोण गं हा?"

"असाच एक म्हातारा," मौनी म्हणाली. "सुतारकाम करतो."

बाबांचे केस अजून काळे होते. आणि आत, जिथे तिला अबोला फर्मावला गेला, तिथे बाबांच्या बोलण्याला कधी कुणी हसलं नव्हतं. भर सभेत त्यांचा शब्द अडकला तर सगळे हातातलं काम मांडीवर ठेवून वाट पाहत. ही एक नक्कल तिने आत कधी, एकटी असतानाही, केली नव्हती. हे तिला हसता हसताच आठवलं. पण चुकोबा पोट धरून म्हणत होता, "परत कर, परत कर," आणि तिने परत केली.

पुढे ते सगळ्या कारखान्याचंच बोलणं झालं. डिंक सांडला, कृपा झाली. कापड तिरकं कापलं गेलं, कृपा झाली. चुकोबाला तर अंगठ्यासकट हुबेहूब जमायला लागलं. मौनीला ते ऐकलं की आत कुठेतरी टोचे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी हसून घेई.

उन्हाळ्यात मालकांच्या नेहमीच्या पुरवठेदाराचं लाकूड ओलं निघालं. त्यांनी सांगाड्यांसाठी वसाहतीकडे चौकशी केली. तिथले लोक कामाला चोख, असं बाजारात सगळेच म्हणत. मालकांनी मौनीला बाजूला घेऊन विचारलंही, "तुझी काही अडचण नाही ना?" ती नाही म्हणाली. माल पोचवायला नेहमी भांडारी जाई. तो मान खाली घालून येईल आणि मान खाली घालून जाईल.

सांगाडे आले त्या सकाळी ती मागच्या खोलीत उशीच्या कडेला गोट लावत होती. बाहेर टेम्पो थांबला. पुढच्या खोलीत ओढाताण, "इकडे घ्या, धरा," मग काहीतरी धाडकन पडलं, आणि चुकोबाचा आवाज आला.

"क... क... क... कृपा झाली. पाय वाचला."

सवयीने सगळे हसले. आणि मग एक दुसरा आवाज म्हणाला, "स... स... सावकाश."

मौनीचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

"घाई क... करायची नाही," बाबा म्हणत होते. त्यांच्या आवाजात इतका आनंद तिने कधी ऐकला नव्हता. "म... मलाही आहे हे. लहानपणापासून. तुम्ही अंगठा टेकवता ते ब... बरोबर. पण दाबायचा नाही. नुसता ठेवायचा, असा. आणि श... श्वास सोडताना बोलायचं."

पुढच्या खोलीतलं हसणं विझलं.

"बोला," बाबा म्हणाले. "मी थ... थांबतो."

आणि ते खरोखर थांबले. मौनी उठून दाराच्या फटीशी आली. बाबा चुकोबासमोर उभे होते, अंगठा छातीवर, चेहरा पुढे झुकलेला. लहान मूल पहिलं पाऊल टाकताना मोठी माणसं झुकतात तसा. चुकोबाने ओठांतली एकेक चूक काढून तळहातावर ठेवली.

"काका," तो शेवटी म्हणाला, "मी अडखळत नाही. मी नीट बोलतो. माफ करा."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी चुकोबाच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग आपल्या. फळी एका बोटाने तोकडी कापली गेल्यावर ते असेच पाहत. मग त्यांनी छातीवरचा हात काढला आणि पँटला पुसला.

"ती इ... इथे असते का?" त्यांनी मावशीला विचारलं. "माझी म... मुलगी."

मावशीने मागे पाहिलं. मौनी फोमच्या गुंडाळ्यांमागे सरकली. मावशीने तिला सरकताना पाहिलं.

"असते, भाऊ," मावशी म्हणाली. "आत्ता जरा बाहेर गेलीय."

"बरी आहे?"

"बरी आहे. हात चांगला बसलाय तिचा."

बाबांनी मान हलवली. "इथे तिला ह... हसायला मिळतं, म्हणजे. ते बरं झालं."

ते टोमण्याने बोलले असते तर मौनीला सोसलं असतं. टोमणा मारता येणारा तो माणूसच नव्हता. त्यांनी उरलेले सांगाडे उतरवले आणि ते गेले.

चुकोबा मागच्या खोलीत आला. "तू म्हणालीस, असाच एक म्हातारा."

"हो."

"बाप आहे तो तुझा."

"हो."

"त्यांनी मला बोलायला शिकवलं, मौनी. मला." एवढं म्हणून तो गेला, आणि दुपारभर ठोकण्याचा आवाज वाजवीपेक्षा जोरात येत राहिला.

घरी मावशीने नेहमीसारखं वाढलं. जेवण झाल्यावर म्हणाली, "आज तुझ्यासाठी खोटं बोलले मी. पुन्हा बोलायला लावू नकोस." बस, एवढंच. आत असती तर सभा भरली असती, शिक्षा ठरली असती, आणि ती भोगून मौनी मोकळी झाली असती. बाहेर कुणी शिक्षाच देत नव्हतं. चहाच्या वेळी फर्माइशी थांबल्या. कुणी तिला वाईट बोललं नाही, आणि तिला कुणाकडे वर बघवत नव्हतं.

पुढची खेप आली तेव्हा ती आधीपासून फुटपाथवर उभी होती. बाबा टेम्पोतून उतरले, तिला पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "च... चहा घेऊन या तुम्ही."

"मी आतच होते त्या दिवशी," ती म्हणाली. "गुंडाळ्यांमागे."

"म... माहीत आहे. तुझी चप्पल दिसत होती."

तिने तयार करून ठेवलेली वाक्यं एकदम नाहीशी झाली. "बाबा, मी त्यांना सांगितलं की तुम्ही असेच कुणीतरी आहात. लोकांनी हसावं म्हणून केलं मी. आणि तुमचा रागही होता. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

बाबा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. शब्द अडकला होता की नव्हताच, हे तिला कळेना.

"क... करून दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"मी. कसा ब... बोलतो ते. आत कुणी सांगत नाही. म... मला ठाऊकच नाही."

"नको, बाबा."

"दाखव, पोरी."

तिने डोळे मिटले, अंगठा छातीवर टेकवला, आणि भर रस्त्यात, बाबांच्या पुढ्यात, बाबा केले. आवाज फाटला, तरी तिने शेवटपर्यंत केलं. डोळे उघडले तेव्हा बाबा लक्ष देऊन ऐकत होते. लाकूड वाजवून बघताना ऐकत तसे.

"एवढा व... वेळ लागतो?"

"कधी कधी."

"आणि स... सगळे थांबतात. एवढा वेळ." त्यांनी मान हलवली. "तुझ्यासाठी मी त... तोंड उघडायला हवं होतं. सभेत. शब्द येईपर्यंत थ... थांबले असते ते. मी उभाच राहिलो नाही. लाज व... वाटते मला त्याची."

तिला हे नको होतं. शिव्या हव्या होत्या, फार तर एक थप्पड. लाज तिची होती, आणि त्यातलाही अर्धा वाटा ते उचलून घेत होते.

"आज माझ्याशी बोललात ते आत सांगू नका," ती म्हणाली. "तुम्हालाही अबोला देतील."

"सांगणार."

"बाबा, कशाला?"

"लपवायचंच होतं तर तुझ्याशी तेव्हाच लपून ब... बोललो नसतो का?"

ड्रायव्हर परत आला. बाबांनी सांगाडे उतरवले, चुकोबाने पुढे होऊन हात लावला. जाताना बाबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, तेव्हा चुकोबाने खाली पाहिलं.

त्यानंतरचा माल भांडारी घेऊन आला. मौनीने विचारलं असतं तर अबोल्यामुळे तो बोलला नसता, म्हणून मावशीने विचारलं, "सुतारभाऊ कसे आहेत?"

"आहेत," भांडारी म्हणाला. "सध्या त्यांच्याशी कुणी बोलत नाही."

तीन माणसांच्या सोफ्याचा जड सांगाडा टेम्पोत उरला होता आणि चुकोबा जेवायला गेला होता. मौनीने एक टोक धरलं. भांडाऱ्याने तिच्याकडे न पाहता दुसरं उचललं. दारात सांगाडा तिरका करावा लागला. कुणी कुणाला कुठे वळवायचा ते सांगितलं नाही, म्हणून तो चौकटीला दोनदा घासला. आत नेऊन ठेवल्यावर तिने पॉलिशवरचा ओरखडा बोटाने चाचपला, फडकं घेतलं आणि पुसत बसली, पुसून जाणारा नव्हता तरी.