इप्पोलिताची जागा

आमच्या बॅरनसाहेबांना येशूवर महाकाव्य हवं होतं, तेही जुन्या रोमन कवींच्या थाटाचं. आधी काव्यदेवतेला आवाहन, मग सैतानाच्या सरदारांची नामावळ, आणि मधोमध नायकाचं पाताळात उतरणं. त्यासाठी त्यांनी डॉन सिल्वेरियो नावाचा एक गरीब पाद्री नेपल्सच्या आमच्या हवेलीत आणून ठेवला होता.

मी बाईसाहेबांची, डोन्ना पोर्त्सियांची दासी. त्यांची एकुलती मुलगी इप्पोलिता जोगीण होऊन मठात जायचं नाकारून तलवारबाजीच्या शिक्षकाबरोबर पळाली आणि कापुआच्या एका खानावळीत तापाने गेली. मरताना पाद्र्यापुढे पापांची कबुलीसुद्धा द्यायला मिळाली नाही, आणि अशा जिवाला नरकच, असं आमच्यात मानतात. साहेबांनी प्रेत आणू दिलं नाही. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत साहेबांनी पाहुणे जेवायला बोलावून वाचन ठेवलं. मी बाईंच्या खुर्चीमागे उभी होते. सहाव्या सर्गात प्रभू नरकात उतरतो, जुन्या पुण्यात्म्यांना सोडवतो, आणि पुढे जन्मणाऱ्या पाप्यांच्या जागा देवदूत त्याला दाखवतो. तिथे एक दगडी बाक मोकळा होता.

"ही इप्पोलिताची जागा," देवदूत म्हणाला. "बापाला फसवून पळेल ती." प्रभू पुढे निघून गेला.

पाहुण्यांनी ताटांवर माना खाली घातल्या. उपासाला चालणाऱ्या माशालाही कोणी हात लावेना.

"कसं वाटलं, पोर्त्सिया?" साहेबांनी विचारलं.

"यमक चांगलं जुळलंय," बाई म्हणाल्या.

"बघा, बाईसाहेबांना आवडलं. वाचा पुन्हा."

पाद्र्याने पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन त्याच्या खोलीत गेल्या. तो हात जोडून उभा राहिला.

"बाईसाहेब, मालकांनीच नाव घालायला लावलं. नाही म्हटलं असतं तर मी रस्त्यावर आलो असतो."

"नाव असू द्या. प्रभूला फक्त एकदा मागे वळून तिच्याकडे बघू द्या. तुमच्या त्या जुन्या काव्यांत बघतात ना वळून?"

"बघतात."

"मग?"

त्याने तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या. प्रभू वळला, मोकळ्या बाकाकडे पाहत क्षणभर थांबला. बाईंनी त्या मला तीनदा वाचून दाखवल्या. त्या दुपारी त्या पोटभर जेवल्या.

छापायला जाण्याआधी साहेबांनी सगळं तपासलं. त्यांना ओळी सापडल्या. ते चिडले नाहीत. पाद्र्याला दिवाणखान्यात बोलावलं आणि बाईंनाही बसवलं.

"सुरेख सुचलंय," ते म्हणाले. "वळू दे त्याला. फक्त पुढे एक ओळ घाला. त्याने तिला ओळखलं, आणि तोंड फिरवलं."

पाद्री बाईंकडे बघत राहिला.

"तिच्याकडे काय बघता? काव्य मी करवून घेतोय. लिहा."

त्याने लिहिलं.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" साहेब बाईंना म्हणाले. "वळला की नाही?"

पुस्तक निघालं, मठामठांत गेलं. विद्वानांनी नेमकी तीच ओळ वाखाणली, आणि त्या ओळीपायी डॉन सिल्वेरियोला मोठ्या चर्चमध्ये जागा मिळाली. दर वर्षी उपासाच्या दिवसांत आमच्याकडे सहावा सर्ग वाचला जातो. नवे पाहुणे बाईंना विचारतात, ही इप्पोलिता कोण? साहेब गप्प बसतात. बाईंनीच उत्तर द्यावं, असा त्यांचा हुकूम आहे.