जास्वंदीखालची साखर

आई गेल्यावर मुरबाडच्या तिच्या परसातून मी एकच गोष्ट आणली, जास्वंदीची फांदी. भातसानगरच्या धरण कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरपुढं ती छान रुजली आणि सत्त्याण्णव साली अचानक वाळायला लागली. पानं चिकट, त्यावर काजळी, फांद्यांवर तपकिरी फोड. मला वाटलं, साल जुनी झाली असेल. कळीचा तर पत्ताच नाही. रडू यायचं हो! आईची तेवढीच खूण होती माझ्याकडे.

आईसारखी रोज सकाळी मुंग्यांना साखर मात्र न चुकता घालायचे. तीही जास्वंदीच्या बुंध्याशीच. मुंग्यांची ही रांग चढायची झाडावर! म्हटलं, कीड असलीच तर खातील बिचाऱ्या.

पावसाळ्यात वरच्या पाड्यावरची सावळी नावाची बाई रानभाजी विकायला आली. पाटी उतरवायच्या आधीच तिनं एका फोडाला नख लावलं. फोड सुटून हातात आला, खाली ओलं.

"ही साल नाय गो बाय, कीड हाय. खवल्याची. जागची हलत नाय, नुसती रस पिते."

"मग मुंग्या खात का नाहीत तिला?"

सावळी अशी हसली की पाटीतली कुर्डूची भाजी सांडली. "खातील कशाला? हिचं गोड पानी चाटतात त्या. आमी गाई राखतो, तशा त्या हिला राखतात. कीड खाणारा किडा आला का हाकलून लावतात. आनि तू राखणदारांना साखर चारतेस!"

माझं डोकंच फिरलं. "आई जन्मभर साखर घालत होती! तिची जास्वंद कधी नाही वाळली!"

"कुठं घालायची?" सावळीनं विचारलं.

तेव्हा मला आठवलं. आई डबी घेऊन पार परसाच्या टोकाला, उंबराखाली जायची. गुडघे दुखायचे तरी जायची. मी ओरडायचे, "अगं, इथंच दारात टाक की!" ती नुसती हसायची.

सावळीनं सांगितलं तसं केलं. आमच्या ह्यांनी धरणावरून आणलेलं ग्रीस चिंधीला फासून बुंध्याला बांधलं, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. मुंग्यांची वाटच बंद! पंधरा दिवसांत लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे आले आणि फोडांवर तुटून पडले. दिवाळीच्या सुमारास पहिली कळी दिसली.

पुण्य काही मी सोडलं नाही. डबी घेऊन आता कॉलनीच्या कुंपणापर्यंत जाते. परवा हे दारातून ओरडले, "अगं, एवढ्या लांब कशाला? इथंच टाक की!"

मी हसले. मग कुंपणाशी उभं राहून चांगलं रडून घेतलं.